रकाना : इतर

गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.
माझ्या नोंदवहीत एवढेच रकाने.
आरोंद्याला खाडीकाठी, एर्मेलीनबाईच्या परड्यात
'इतर' या शब्दाखाली
मी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं :
डुकरीण, काळी, गावठी, नाव बावली.
आठ पिल्लं, श्रावणात.
पाचांना डोळे नव्हते.

मिटलेले नव्हेत. नव्हतेच.
जागच्या जागी कातडीची बारीक शिवण,
आतून कुणी टीप घातल्यासारखी.
आणि डुकराचं पिल्लू तर
उघड्या डोळ्यांनीच जगात येतं,
कुत्र्यामांजराचं तसं नाही.
आल्याआल्या बघतं, थान कुठे आहे.

शेजारी म्हणाले, नजर लागली.
"ज्येंका डोळेच नाय, त्येंका नजर कसली?"
म्हणत तिनं पाचही माडाच्या आळ्यात पुरली.

काय घालत होता हिला?
हॉटेलातला उरलेला भात, पांढराफेक.
कोंडा, गेल्या साली भरलेला.
मी चिमूट नाकाशी धरली : कुबट.
फाल्गुनापासून हिरवं पान नाही,
आणि ही पत्र्याखाली, सिमेंटवर,
उन्हाची तिरीपही अंगाला नाही.

मी पुस्तक काढलं, चष्मा लावला, वाचलं :
गाभण मादीला, खाद्याच्या किलोमागे,
अ जीवनसत्त्व चार हजार युनिट,
ड आठशे, ई चव्वेचाळीस…
तिनं हात वर केला.
"सायबानू, युनिट म्हंजे किती मुठी?"

बावीस वर्षं नोकरी झाली माझी.
मुठींचं कोष्टक
कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

मग न्हाणीच्या धोंड्यावर बसून
आम्ही दोघांनी ते मांडलं.
रताळ्याचे वेल, तिच्या काखेत मावतील तेवढे.
शेवग्याचा पाला, पण सावलीत वाळवलेला,
उन्हात पानाचा जीव उडून जातो.
बावलीला मात्र ऊन हवं : सकाळचं, दावं सोडून,
चिखलात लोळली तर लोळू दे.
कोंडा गिरणीतून आठवड्याच्या आठवड्याला,
कारण कुबट कोंडा
स्वतःबरोबर ई-लाही खाऊन टाकतो.
आणि धाकू केळुसकराकडून
मोरीच्या काळजाचं तेल,
बाटलीच्या झाकणाचा तळ ओला होईल इतकंच,
आठवड्यातून एकदा.
जास्त नको, मी दोनदा बजावलं.
जास्त झालं तरी पिल्लं वेडीवाकडीच होतात.
"मिठासारख्या," ती म्हणाली.
पुस्तकात हे इतकं नीट लिहिलेलं नव्हतं.

मोरीच्या तेलाचा वास
तिच्या हाताला, पदराला,
रविवारी मिस्सेला शेजारच्या बाकापर्यंत.
कुणी नाक मुरडलं की सांगायची,
"गुरवार बाईचा औषध हा."
कुठली बाई, ते सांगत नसे.

बारा जानेवारीवर कोळशाची फुली.
तीन म्हयने, तीन आठवडे, तीन दीस,
पेरांवर मोजून तिनं मे महिन्यात दुसरी फुली घातली.
मी गणकयंत्रावर केलं. तीच तारीख.

पावणेदोनला फोन. शिरोड्याहून स्कूटर.
वीज गेलेली. पेंढ्यावर बावली आडवी,
पोट आतून कुणी ढकलावं तसं हलतंय.
एर्मेलीनबाईनं बॅटरी माझ्या हातात दिली
आणि मोजायला लागली.
दोन. चार. सहा.
मला कळेना, जुळी येतात की काय.
आठ. दहा.
मग कळलं, ती पिल्लं मोजत नव्हती.

सोळाच्या पुढे बराच वेळ काही नाही.
नववं आलं ते निपचित.
मी पायाला धरून बाजूला करणार
तोच तिनं माझं मनगट उजेडासकट वळवलं,
अंगठ्यानं त्याची पापणी वर केली,
एक, मग दुसरी.
"अठरा," ती म्हणाली,
आणि त्याला पेंढ्यात, आईच्या नाकाजवळ ठेवलं.

पहाटे मी वही भरली.
इतर : जिवंत आठ, मृत एक.
डोळ्यांना रकाना नव्हता.
स्कूटरला किक मारतच होतो,
ती हात पुसत वाटेत येऊन उभी राहिली.
"आता ती पाजतली, सायबानू.
आता किती मुठी?"